विहिरीपाशी प्रभूने आधी मागितले



उपवासकाळात आपले युवक क्रूसाची वाट करतात, उपवास पाळतात आणि वाचलेल्या पैशांतून सूर्यमाळच्या आदिवासी पाड्यांवर धान्य-कपडे न्यायचे ठरवतात. हेतू चांगलाच आहे. पण तेथे आपण कोण म्हणून जातो?

मोखाडा तालुक्यात पावसाळ्यात पाऊस धो धो कोसळतो, पण पाणी कातळउतारावरून वाहून जाते. उन्हाळ्यात विहिरी आटतात आणि आयाबहिणींना हंडे घेऊन लांबवर चालावे लागते. याच तालुक्यातील मध्य वैतरणा धरणाचे पाणी २०१४ पासून आपल्या मुंबईला मिळते. म्हणजे दाते म्हणून जाणारे आपण मुळात त्यांचे ऋणी आहोत.

शोमरोनी स्त्रीला जिवंत पाण्याविषयी सांगण्याआधी प्रभू येशूने तिच्याकडे प्यायला पाणी मागितले. जो मागतो, त्याला समोरच्याला कमी लेखता येत नाही.

तेव्हा युवकांनो, पिशव्या भरण्याआधी पाड्यावर जाऊन बसा, ऐका, एक हंडा उचलून पाहा. घरी आल्यावर वाहता नळ बंद करणे, हाही उपवासच. आणि रोझरी सोडू नका. प्रार्थनेवाचून सेवेला गर्व चढतो. सेवेवाचून प्रार्थना ओठांवरच राहते.

प्रभू आपणा सर्वांना ही नम्रता देवो.