पसंतीक्रमाची किंमत

नीटचा निकाल लागला आणि धाराशिवच्या आमच्या घरात नवीच चिंता शिरली. मुलीचा प्रवेश-अर्ज व पसंतीक्रम भरून देण्यासाठी एका खासगी समुपदेशकाने सांगितलेली रक्कम म्हणजे आमची दोन महिन्यांची कमाई. द्यावी की न द्यावी?

आम्ही स्वतःला विचारले, हा विकतो काय? गुण तर तो वाढवू शकत नाही. नियमांची पुस्तिका राज्याचा सीईटी कक्ष सर्वांसाठी खुली ठेवतो. म्हणजे दाम आहे ते आमची भीती घालवण्याचे. पण ही भीती खोटी नाही. एक कागद चुकला, एक तारीख हुकली, की पोरीचे वर्ष गेले. ज्या घरातले पहिलेच मूल बारावीपुढे जाते, त्यांनी विचारावे कोणाला?

२०२० साली वैद्यकीय प्रवेशातील ७०:३० हे प्रादेशिक सूत्र रद्द झाले आणि मराठवाड्याच्या मुलांना राज्यभरातील जागा खुल्या झाल्या. २०२२ मध्ये खुद्द धाराशिवला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. दार उघडले; पण आत शिरण्याची रीत ऐपतवाल्यांनाच कळावी, हा कुठला न्याय?

श्रमाचे दाम घेणाऱ्याला आम्ही दोष देत नाही. आम्ही मात्र पैसे दिले नाहीत. तीन रात्री पुस्तिका वाचली, गेल्या वर्षीच्या याद्या ताडून पाहिल्या. चुकलो असतो तर? हा प्रश्न आजही छळतो. चौथ्या दिवशी मोहल्ल्यातली दोन मुले हीच अडचण घेऊन आली. आम्ही त्यांना ओसरीवर बसवले. इल्म वाटल्याने घटत नाही, हे त्या दिवशी पटले.