एकट्याने उभारलेला पतंग आणि कर्तेपण

काइटसर्फिंगचा पतंग वाऱ्यावर चढवायला सहसा दोन माणसे लागतात. एक जण पतंग धरून उभा राहतो. दुसरा वीस-पंचवीस मीटर लांब दोऱ्यांच्या टोकाशी, कमरेच्या पट्ट्यात अडकलेला, खूण करतो आणि पतंग सुटतो. मदतनीस नसला की त्याचे काम वाळूवर येते. पतंगाचे एक टोक दुमडून त्यावर वाळूचे वजन ठेवतात. स्वार दोऱ्या हळूहळू ताणतो, कापडात वारा भरतो, वाळू घसरते आणि पतंग कडेवर उभा राहतो. या वेळी पतंग वाऱ्याच्या दिशेशी जवळजवळ काटकोनात असावा लागतो. तो वाऱ्याच्या पुढच्या बाजूला फार सरकलेला असेल, तर पूर्ण जोराने उसळतो आणि माणसाला फरफटत नेतो.

असा पतंग चढला की ‘मी एकट्याने उभारला’ असे म्हटले जाते. ते कितपत खरे, हा भारतीय तत्त्वचिंतनातला जुना प्रश्न आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायात प्रत्येक कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण (साधन), चेष्टा (हालचाली) आणि दैव. पाचांपैकी एकच असलेला कर्ता स्वतःला सर्वस्व समजतो, तेव्हा त्याची दृष्टी चुकते, असे तिथेच पुढे म्हटले आहे. शंकराचार्य अधिष्ठानाचा अर्थ शरीर असा करतात. पतंगाच्या बाबतीत पायाखालची जागाही त्यात धरणे योग्य ठरेल. दोऱ्या, पट्टा आणि ताण क्षणात तोडणारी सुटका-कळ ही करणे. मदतनीस गेल्याने या पाचांतले एकही कमी होत नाही. त्या सर्वांची दखल घेणारे डोळे मात्र चारावरून दोनवर येतात.

जागेचे आणि वाऱ्याचे हे महत्त्व कोकणातल्या अंजनवेलला नीट दिसते. वाशिष्ठी नदीच्या मुखाशी, दाभोळच्या समोर, जांभ्या दगडाचा गोपाळगड आहे. पलीकडे समुद्रात शिरलेल्या टोकावर टाळकेश्वराचे मंदिर आणि दीपगृह. पहाटे मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, दुपारी खारा वारा उलट येतो. पहाटेच्या वाऱ्यावर पतंग चढला आणि त्यातच ओहोटी लागली, तर खाडीचे पाणी आणि वारा दोघेही माणसाला बाहेर नेतील. दुपारचा वारा परत आणेल खरा, पण खडकावर. गुहागरचा लांब वाळूचा किनारा त्यापेक्षा बरा. तिथेही वारा थेट किनाऱ्याकडे असेल तर मागची झाडे धोक्याची. किनाऱ्याला तिरका येणारा स्थिर वारा आणि पुढे दोऱ्यांच्या लांबीच्या निदान दुप्पट मोकळी जागा, एवढे तरी हवेच.

हे सारे आधी कळण्यासारखे आहे, म्हणून त्याला दैव म्हणता येत नाही. ओहोटीची वेळ पंचांगात, भरती-ओहोटीच्या तक्त्यात सापडते. जवळच्या वेलदूरच्या मच्छीमारांना ती पाठ असते. पुरेशी पारख करूनही जो अवचित झोत उरतो, तेवढेच दैवाच्या वाट्याचे. न विचारलेल्या गोष्टी दैवावर ढकलणे ही श्रद्धा नव्हे.

गीता आणखी एक कसोटी देते. परिणाम, हानी, इतरांना होणारी इजा आणि स्वतःचे सामर्थ्य न पाहता मोहाने आरंभलेले कर्म तिने तामस ठरवले आहे. एकट्याच्या पतंगाला ही चारही परिमाणे लागू पडतात. त्यांत इजेचे सर्वांत महत्त्वाचे, कारण सुटलेल्या पतंगाच्या दोऱ्या वाऱ्याच्या पुढे खेळणाऱ्या मुलालाही कापू शकतात. पण शरीरक्लेशाच्या भीतीने केलेला त्यागही तिथे राजस म्हणून नाकारला आहे. त्यामुळे एकट्याने उभारणे मुळातच वर्ज्य नाही. पतंग चढवण्यापूर्वी सुटका-कळ दाबून पाहिली, दोऱ्या हाताने चाचपल्या, पुढची वाळू रिकामी आहे, आणि हे करणाऱ्याने मदतनिसासह पुष्कळदा केले आहे, तर ते कर्म विचारपूर्वक आहे. यातले एक जरी नसेल, तर जाणत्या माणसाची वाट पाहावी किंवा पतंग गुंडाळावा. वाटेवरच्या अजाण माणसाच्या हाती पतंग देणे हा मात्र मधला मार्ग होत नाही: त्याने चुकीच्या क्षणी सोडले, तर दोघांनाही धोका.