व्रत, पळवाट आणि अर्धी भाकरी

एकादशीला भाकरी चालत नाही, साबुदाण्याची खिचडी चालते. आहाराच्या नजरेने पाहिलं तर हा नियम उफराटाच म्हणायला हवा. शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात 85 ग्रॅमहून अधिक पिष्ट असतं आणि प्रथिनं नावालाच. तेवढ्याच ज्वारीत पिष्ट 70 ग्रॅमच्या आसपास, प्रथिनं सुमारे 10. वर बटाट्याच्या फोडी आणि साखर घातलेला रताळ्याचा कीस. भगर तर गवताच्या कुळातलं सरळसरळ धान्य, पण तीही खपून जाते. साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो कसावा मूळचा दक्षिण अमेरिकेतला; आपल्या स्मृतिकारांना तो ठाऊक असणं शक्यच नाही. ‘कंदमुळं चालतात’ एवढ्या फटीतून तो आत शिरला आणि उपवासाचा मालक होऊन बसला. यादी शब्दशः पाळली गेली. जिभेला आवर घालायचा, हा हेतू मात्र कधी निसटला ते कळलंही नाही.

वजन उतरवण्यासाठी भात, पोळी, साखर कमी करू पाहणाऱ्यांपुढेही नेमका हाच प्रश्न आहे. नियम कडक हवा की जरा सैल चालेल? सैल असेल तर त्याला नियम म्हणायचं का? भीमेच्या अलीकडे शिरूर, पलीकडे दौंड, अशा मांडवगण फराट्यासारख्या गावात हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. शिवारात ऊस उभा असतो आणि पाहुण्याला साखरेचा चहा दिल्याशिवाय दारातून जाऊ देत नाहीत. जावळाचं जेवण, लग्न, सप्ताहाचा महाप्रसाद, वर्षभर काही ना काही चालूच. इथे ‘पिष्ट वर्ज्य’ असा पण करणारा पहिल्याच पंगतीला एक तर यजमानाला दुखावतो, नाही तर स्वतःच्या नजरेतून उतरतो. ‘मोडलंच आहे तर होऊ दे’ म्हणत तो दुसरी पुरणपोळी वाढून घेतो. कडक नियमाचा खरा धोका या दुसऱ्या पोळीत आहे.

धर्मशास्त्राने ही अडचण फार पूर्वी ओळखली होती. मुख्य विधी झेपत नसेल त्याच्यासाठी अनुकल्प, म्हणजे कमी कष्टाचा पर्याय, सांगितलेला आहे: निराहार जमत नसेल तर दूध-फळं, तेही नसेल तर नक्त म्हणजे रात्री एकवेळ जेवण. पाणी, कंदमुळं, दूध आणि औषध यांनी व्रत मोडत नाही, असाही जुना संकेत आहे. गीतेचा सहावा अध्याय अति खाणाऱ्याला योग नाकारतो, तसाच अजिबात न खाणाऱ्यालाही नाकारतो. जैनांनी तर भुकेपेक्षा चार घास कमी खाण्यालाच, ऊनोदरीला, तपाचा दर्जा दिला. व्रत मोजायचं ते हेतूवरून, असाच या सगळ्याचा रोख दिसतो.

आधुनिक पुरावाही कडकपणाच्या बाजूने फारसा नाही. 2018 साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 609 जणांना दोन गटांत विभागून वर्षभर पाहिलं. कमी चरबी खाणाऱ्यांचं वजन सरासरी 5.3 किलोने उतरलं, कमी पिष्ट खाणाऱ्यांचं 6 किलोने. हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने नगण्य ठरला. दोन्ही गटांत साखर आणि मैदा टाळून भाज्या भरपूर खायला सांगितल्या होत्या. म्हणजे अमुक एकच पथ्य तारक, असं म्हणायला आधार नाही. जे पथ्य वर्षभर निभतं ते बरं.

यावर आक्षेप ठरलेला: सवलत दिली की पळवाट झालीच. आक्षेप खोटा नाही, पण साबुदाणा हीसुद्धा पळवाटच आहे आणि ती सापडली ती कडक यादीतूनच. सवलत आणि पळवाट यांतला फरक वेळेचा आहे. सणाला एक पुरणपोळी, दुसरी नाही, हे आदल्या दिवशी ठरवलं तर तो अनुकल्प. ताटावर बसल्यावर सुचलं तर ती सबब. रोजच्या ताटात याचा अर्थ सोपा आहे: दोन भाकऱ्यांच्या जागी एक किंवा अर्धी, मटकीची उसळ वाटीभर जास्त, मेथीची भाजी शेंगदाण्याचं कूट घालून, शेजारी ताक. पिठलं आवडत असेल तर खावं. पण बेसनातही निम्म्याहून अधिक पिष्टच, म्हणून त्यासोबत भात नको.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. व्रत देवासाठी, पथ्य आरशासाठी. दोन्ही एका मापाने कशी मोजायची? मोजू नयेतच. वजन घटल्याने पुण्य लागत नाही आणि स्थूल माणूस पापी नसतो. पण जिभेवर सत्ता कोणाची, हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे. तो विचारण्याचा अधिकारही सगळ्यांना सारखा नाही. दिवसभर कोयता चालवणाऱ्या ऊसतोड मजुराला भाकरी कमी करायला सांगणं हा निव्वळ उद्धटपणा. अर्धी भाकरी खुर्चीवर बसून काम करणाऱ्याने सोडावी. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल त्याने मात्र तीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नये. साखर एकाएकी उतरून जिवावर बेतू शकतं.