काढण्याचा अधिकार आणि कारण सांगण्याचे बंधन

नोकराला कामावरून काढण्याची रीत जुनी आहे; पण तसे काढणे अन्यायाचे असू शकते, हा विचार त्या मानाने अलीकडचा. एकोणिसाव्या शतकातील कायदा मालक-नोकर नात्याकडे करार म्हणून पाहत असे. करार मोडला तर भरपाई मिळे, तीही बहुधा नोटिशीच्या मुदतीपुरत्या पगाराची. कुणाला कुणाच्या हाताखाली काम करायला लावता येत नाही, म्हणून सेवेचा करार न्यायालय अमलात आणून देणार नाही, असे तत्त्व 1877च्या विशिष्ट अनुतोष कायद्यात होते. त्यामुळे काढलेल्या माणसाला पैसे मागता येत, नोकरी परत मागता येत नसे. नोकराच्या बाजूने मात्र हाच करार कडक होता. 1859च्या कायद्यानुसार उचल घेऊन काम सोडणाऱ्या कारागिराला किंवा मजुराला दंडाधिकाऱ्यापुढे उभे करता येई, आणि आदेश न पाळल्यास तुरुंगात धाडता येई. हा कायदा रद्द व्हायला 1925 साल उजाडले. तोवर मजुराने काम सोडणे शिक्षेला पात्र होते, तर मालकाने मजुराला सोडणे हा साधा व्यवहार होता.

जळगाव, अमळनेर, धुळे आणि चाळीसगाव येथील कापड गिरण्यांमुळे खानदेशात पगारदार कामगारांचा वर्ग तयार झाला. गिरणीत कामगार लावणे आणि काढणे प्रामुख्याने जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, हाती असे. बदली कामगाराला तर आज काम मिळेल की नाही, हेच सकाळी फाटकावर कळे. संघटना बांधणाऱ्यावर पहिली कुऱ्हाड पडे. 1929च्या मुंबईतील गिरणी संपात कामावरून काढलेल्यांचा प्रश्न अग्रभागी होता. मजुरीच्या दराइतकाच काढण्याचा अधिकारही वादाचा विषय असतो, हे अशा संपांतून पुढे आले.

डिसेंबर 1936मध्ये खानदेशातच, यावल तालुक्यातील फैजपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले हे काँग्रेसचे पहिले अधिवेशन. जवाहरलाल नेहरू त्याचे अध्यक्ष होते. तेथे मंजूर झालेल्या शेतीविषयक कार्यक्रमात शेतमजुराला जगण्यापुरती मजुरी आणि कामाची योग्य परिस्थिती कायद्याने मिळावी, अशी मागणी होती. पुढच्याच वर्षी मुंबई प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले आणि 1938मध्ये त्याने औद्योगिक विवाद कायदा केला. संपावर बंधने घालणाऱ्या या विधेयकाविरुद्ध 7 नोव्हेंबर 1938 रोजी डॉ. आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून एक दिवसाचा संप केला. पण याच कायद्याने कारखान्याचे ‘स्थायी आदेश’ लेखी असण्याची सक्तीही आणली. गैरवर्तन कशाला म्हणायचे आणि त्याला शिक्षा काय, हे आधी लिहून ठेवणे मालकाला भाग पडले. मालकाची मर्जी आता कागदावर, म्हणजेच तपासणीखाली आली.

1946 साली स्थायी आदेशांचा केंद्रीय कायदा आला आणि 1947 साली औद्योगिक विवाद कायदा. न्यायाधिकरण काढलेल्या कामगाराला परत कामावर घेण्याचा आदेश देऊ शकते का, हा प्रश्न मुंबईच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनच्या प्रकरणात उभा राहिला. 1949 साली फेडरल न्यायालयाने त्याचे उत्तर होकारार्थी दिले. औद्योगिक शांततेसाठी न्यायाधिकरणाला करारापलीकडे जाता येते, हे मान्य झाले आणि ‘पुनःस्थापना’ हा उपाय कायद्यात रुजला.

पुढील दोन दशकांत संरक्षणाची चौकट भरत गेली. 1953च्या दुरुस्तीने वर्षभरात 240 दिवस काम केलेल्या कामगाराची कपात करायची असेल, तर एक महिन्याची नोटीस आणि प्रत्येक वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार सक्तीचा केला. शेवटी आलेला आधी जाईल, हा क्रमही ठरवून दिला. तोपर्यंत एकट्या कामगाराची बडतर्फी हा औद्योगिक विवाद ठरण्यासाठी संघटनेने किंवा सहकाऱ्यांनी पाठीशी उभे राहावे लागे. 1965 साली ही अट गेली. 1971 साली शिक्षा गुन्ह्याच्या मानाने जास्त आहे का, हे पाहून ती बदलण्याचा अधिकार कामगार न्यायालयाला मिळाला. चौकशी झाली का, एवढाच प्रश्न आता पुरेसा राहिला नाही.

त्याच वर्षीच्या महाराष्ट्राच्या अनुचित कामगार प्रथाविरोधी कायद्याने हा विचार आणखी नेमका केला. सूड म्हणून काढणे, खोट्या प्रकरणात गोवणे, उघड खोटे कारण देणे, चौकशीचा नुसता देखावा किंवा अवाजवी घाई करणे, किरकोळ चुकीला धक्कादायक शिक्षा देणे, या साऱ्यांची यादीच त्याच्या अनुसूचीत आहे. कामगाराला 90 दिवसांच्या आत थेट न्यायालयात तक्रार करता येते. हंगामी किंवा बदली म्हणून वर्षानुवर्षे राबवून कायमपणाचे फायदे नाकारणेही याच यादीत बसते. पुण्याजवळच्या पाचगाव पर्वती येथील वन खात्याच्या मजुरांना 1996 साली सर्वोच्च न्यायालयात याच कलमाचा आधार मिळाला. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या यावलसारख्या वनपट्ट्यात वन खाते रोजंदारीवर कामे करून घेते. तिथे या निकालाचे महत्त्व सहज कळते.

सरकारी नोकरांसाठी वेगळा मार्ग आखला गेला. राज्यघटनेच्या अनुच्छेद 311नुसार आरोप कळवून आणि बाजू मांडू देऊनच बडतर्फी करता येते; मात्र चौकशी व्यवहार्य नसेल, तर ती टाळण्याची सोय त्यातच आहे. यावलजवळचे भुसावळ हे रेल्वेचे मोठे केंद्र. मे 1974च्या देशव्यापी रेल्वे संपात हजारो कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या आणि 1977 साली सत्तांतर झाल्यावर त्यांना परत घेण्यात आले. म्हणजे तिथे न्याय आला तो राजकीय निर्णयातून. चौकशीविना बडतर्फीची ही सोय 1985 साली तुलसीराम पटेल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवली.

खासगी शाळांतील शिक्षक फार काळ संस्थाचालकांच्या मर्जीवर होते. महाराष्ट्राच्या 1977च्या खासगी शाळा कर्मचारी कायद्याने त्यांना 30 दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करण्याचा हक्क दिला. नियमांनुसार चौकशी समितीत संस्थेचा एक प्रतिनिधी, कर्मचाऱ्याने निवडलेला एक आणि पुरस्कारप्राप्त शिक्षकांच्या यादीतील एक, असे तिघे असतात. 2013 साली महाराष्ट्रातीलच एका शिक्षिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की बडतर्फी बेकायदा ठरल्यास मागील पगारासह पुनःस्थापना हा सर्वसाधारण नियम आहे. आपल्याला दुसरीकडे काम नव्हते, असे कर्मचाऱ्याने सांगितल्यावर ते खोडून काढण्याची जबाबदारी संस्थेची.

दरम्यान मनमानी बडतर्फीपासूनच्या संरक्षणाला घटनेचा पाया मिळाला होता. कारण न देता तीन महिन्यांच्या नोटिशीवर काढण्याचे सरकारी कंपनीचे कलम 1986 साली रद्द झाले. सलग गैरहजर राहिल्यास नाव आपोआप पटावरून कमी होईल, असा स्थायी आदेश असला तरी आधी म्हणणे ऐकावे लागेल, असे 1993 साली डी. के. यादव खटल्यात ठरले. उपजीविका हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला गेला. तरीही सामूहिक लढ्यात बडतर्फीचे हत्यार जुनेच राहिले. 2021च्या अखेरीस सुरू झालेल्या एसटी संपात हजारो कर्मचाऱ्यांवर निलंबन, सेवासमाप्ती आणि बडतर्फीची कारवाई झाली. 22 एप्रिल 2022पर्यंत कामावर परतणाऱ्यांना काढू नये, असे उच्च न्यायालयाने सांगितल्यावर आगारे पूर्ववत चालू झाली.

2000नंतर प्रवाहाची दिशा काहीशी पालटली. रोजंदारांच्या प्रकरणांत पुनःस्थापनेऐवजी ठोक भरपाई देण्याकडे न्यायालयांचा कल वाढला. 240 दिवस काम केल्याचा पुरावा कामगारानेच द्यायचा, असे 2002 साली ठरले. पण हजेरीपट असतो मालकाकडे. साखर कारखान्याचा हंगाम संपल्यावर हंगामी कामगाराचे काम थांबणे ही कपात नव्हे, असेही न्यायालयाने म्हटले आहे. 21 नोव्हेंबर 2025पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने स्थायी आदेशांची सक्ती 300 कामगारांच्या आस्थापनांपुरती ठेवली. जुन्या केंद्रीय कायद्यात ही मर्यादा 100 होती आणि महाराष्ट्रात 50. मुदतबंद नेमणुकीला संहितेने मान्यता दिली, आणि अशा नेमणुकीची मुदत संपणे कपातीत मोजले जात नाही. बडतर्फीविरुद्ध दाद मागण्याची मुदत तीन वर्षांवरून दोनवर आली.

दीडशे वर्षांत कायद्याने मालकाचा काढण्याचा अधिकार काढून घेतलेला नाही. खरे कारण सांगा, ऐकून घ्या आणि शिक्षा चुकीच्या प्रमाणात ठेवा, एवढ्या तीन अटी त्याने त्या अधिकाराला घातल्या. या अटी लागू होण्यासाठी आधी नोकरी होती, हे सिद्ध व्हावे लागते. आगारातला वाहक, अनुदानित शाळेतला शिक्षक किंवा रेल्वेचा कर्मचारी यांना ते सोपे जाते, कारण त्यांची नेमणूक कागदावर असते. यावल-रावेर पट्ट्यात केळीचे घड कापणाऱ्या आणि गाड्या भरणाऱ्या मजुराकडे बहुधा नियुक्तीपत्रही नसते आणि हजेरीची नोंदही नसते. त्याचे काम बंद होते तेव्हा बडतर्फीचा आदेश निघत नाही, म्हणून आव्हान देण्याजोगे काही हाती राहत नाही. फैजपूरच्या ठरावाने शेतमजुराच्या मजुरीला आणि कामाच्या परिस्थितीला कायद्याचा आधार मागितला होता. काम टिकण्याचे संरक्षण त्याच्यापर्यंत न्यायचे, तर सुरुवात लेखी नेमणूक आणि हजेरीच्या नोंदीपासूनच करावी लागेल.