गळती

आमच्या आजऱ्यात ‘गळती’ हा शब्द मुळात कौलांचा. पाऊस एकदा हिरण्यकेशीच्या खोऱ्यात उतरला की दोन-तीन महिने हलायचे नाव घेत नाही. आणि ज्याने उन्हाळ्यात घर शाकारून घेतले नाही, त्याच्या माजघरात जागोजागी पातेली मांडलेली दिसतात. त्या पातेल्यांत टपटपणाऱ्या थेंबाला कुणी दोष दिल्याचे मात्र मी ऐकले नाही. घरधनी निमूटपणे शिडी लावतो आणि फुटके कौल शोधू लागतो.

शिक्षणखात्याने हाच शब्द उचलला आणि त्याचा अर्थ पार उलटा केला. ‘यंदा नववीत सात मुलांची गळती’ असे आम्ही शिक्षक लिहितो, तेव्हा दोष थेंबाचा असतो. मुले गळाली, आम्ही कुणी गाळली नाहीत! उभी हयात खडू झिजवण्यात गेलेल्या माझ्यासारख्याने हा शब्द किती वेळा लिहिला असेल, याची गणती नाही. ऐन दिवाळीत, फराळाच्या ताटाशेजारी असला विषय वाढल्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. पण गेल्या दिवाळीपासून तो माझी पाठ सोडीत नाही, त्याला मी काय करू?

या गळतीचे थोरले भावंड म्हणजे ‘अपव्यय’. १९२९ सालच्या हार्टोग समितीने शिक्षण पुरे होण्याआधीच शाळा सोडणाऱ्या मुलांच्या बाबतीत हा शब्द रूढ केला. अपव्यय कशाचा? तर सरकारी पैशाचा. पोराचे काय वाया गेले, हा हिशेब त्या शब्दात मावत नाही. पुढे १९६४ ते १९६६ या काळात कोठारी आयोगाचे काम चालले. त्याचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक आमच्याच तालुक्यातले, बहिरेवाडीत १९०७ साली जन्मलेले. (आम्हां आजरेकरांना घनसाळ तांदळाचा जितका अभिमान, तितका या माणसाचा नाही, हे जाता जाता कबूल करून टाकतो.) त्या आयोगानेही अपव्ययाचा हिशेब मांडलाच, पण ज्या मुलांना पूर्ण वेळ शाळेत येणे परवडत नाही, त्यांच्यासाठी अर्धवेळ शिक्षणाची वाट असावी, असेही सांगितले. वरवर पाहता ही वेळापत्रकाची बाब. पण मला त्यात नीतीचा प्रश्न दिसतो. पोराने शाळेच्या वेळेत बसायचे, की शाळेने पोराच्या वेळेत?

कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. आजरा त्या वेळी इचलकरंजीच्या जहागिरीत होते. तरुणपणी मला तो दंड फार कठोर वाटे. ज्याच्या घरी रुपया नाही, म्हणून पोर रानात जाते, त्याच्याकडूनच रुपया मागायचा! आज तसे वाटत नाही. त्या कायद्यात दोषी कुणीतरी मोठे माणूस होते. पोराला कुणी दोषी धरले नव्हते. आमच्याच जिल्ह्यातल्या कुंभोजला जन्मलेल्या भाऊराव पाटलांनी याच्याही पुढची पायरी गाठली. वसतिगृहातली पोरे उपाशी राहू नयेत म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, आणि ‘कमवा आणि शिका’ म्हणून पोरांच्या हातांना काम दिले. पोराला कमवावे लागते, हे त्या माणसाने गृहीतच धरले होते. आम्ही मात्र ते पटावर ‘गैरहजर’ म्हणून लिहीत आलो.

आता माझी गोष्ट. अठरा-एकोणीस वर्षांपूर्वी मी एका हायस्कुलात नववीचा वर्गशिक्षक होतो. वर्गात एक मुलगा होता. वडील मुंबईला, घरी आई आणि आजी. रोपलावणीच्या दिवसांत तो पंधरा-पंधरा दिवस दिसत नसे. त्या चिखलात घरचा कर्ता पुरुष तोच. गणित आणि इंग्रजी दोन्ही कच्ची. आमच्या शाळेचा दहावीचा निकाल आदल्या वर्षी थोडक्यात शंभर टक्के हुकला होता, आणि शिक्षकांच्या खोलीत पुढच्या वर्षीची चिंता आतापासूनच चालू होती. शेवटी अशा चार मुलांची नावे निघाली. त्यांना समजावण्याचे काम वर्गशिक्षकांकडे, म्हणजे माझ्याकडे आले.

मी त्याच्या आईला बोलावले. म्हटले, “वहिनी, याला रोजच्या रोज शाळा झेपत नाही. दाखला काढून घ्या. सतरा नंबरचा फॉर्म भरला की घरी बसून दहावीला बसता येते.” यातला एक शब्दही खोटा नव्हता. म्हणूनच तो मला इतकी वर्षे पचला. त्या माउलीला वाटले, सरांनी पोरासाठी काही खास सोय काढली. चार दिवसांनी ती घनसाळचे तांदूळ घेऊन घरी आली. “तुमच्यामुळं पोरगं मार्गाला लागंल, सर,” म्हणाली. तांदूळ मी ठेवून घेतले.

निकाल शंभर टक्के लागला. पेढे वाटले. मुलाने तो फॉर्म कधी भरलाच नाही. तो गोव्याला एका हॉटेलात कामाला गेल्याचे पुढे कानावर आले. आणि गंमत अशी, की आमच्या त्या वर्षीच्या गळतीच्या आकड्यात तो नाहीच. रीतसर दाखला नेलेला मुलगा गळालेला कसा म्हणायचा?

कुणी म्हणेल, अभ्यासात गती नसलेल्या पोराला बळेच बाकावर का बसवायचे? त्याला हवे ते करू द्यावे. हा प्रश्न मीही स्वतःला पुष्कळदा घातला आहे, आणि त्याच्या आड लपूनही पाहिले आहे. पण माझा धाकटा गणितात दोनदा आपटला, तेव्हा हा प्रश्न मला सुचला नव्हता. मी त्याला शिकवणी लावली. दुसऱ्याच्या पोराच्या स्वातंत्र्याचा आपल्याला असा अचानक पुळका येतो, तेव्हा त्यात आपली सोय किती, हे एकदा चाचपून पाहावे.

उपाय नाहीत असे नाही. २००९ च्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शिक्षणाचा हक्क दिला. पण नववी म्हणजे नेमके तो हात सुटण्याचे वय. दहावीत नापास झालेल्यांची फेरपरीक्षा २०१५ पासून त्याच वर्षी जुलैत होऊ लागली, आणि कित्येकांचे वर्ष वाचले. मुलींना शाळेसाठी एसटीचा मोफत पास मिळू लागला, तेव्हा वाड्यावस्त्यांवरच्या मुली वर्गात टिकल्या, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. दिवाळी सरली की बीडकडचे ऊसतोडकरी आमच्या भागात उतरतात. त्यांच्या पोरांसाठी कुठे साखरशाळा निघाल्या, कुठे मूळ गावीच हंगामी वसतिगृहे. तरीही खोपीपाशी धाकट्या भावाला कडेवर घेतलेली आठ-नऊ वर्षांची पोर दिसतेच, आणि तिकडे तिच्या गावच्या पटावर तिचे नावही असते. योजना कागदावर उभी राहते. त्या पोरीच्या कडेवरचे मूल कुणीतरी उतरवून घ्यावे लागते.

गेल्या दिवाळीत, पाडव्याच्या दिवशी, तो मुलगा माझ्या घरी आला. मुलगा कसला, तिशी ओलांडलेला बाप्या. सोबत बायको, लहान मुलगी आणि मिठाईचा पुडा. वाकून पाया पडला. तो कोल्हापुरात कुठेशी रखवालीचे काम करतो. वरची जागा मिळायला दहावी हवी म्हणतात. पिशवीतून त्याने प्लास्टिकमध्ये जपलेला शाळेचा दाखला काढला.

“सर, सतरा नंबरचा फॉर्म आता कॉम्प्युटरवर भरतात म्हणं. तुम्ही तवा सांगितला हुता न्हवं? जमलंच न्हाई बघा माझ्यानं.”

‘माझ्यानं’ म्हणाला तो.

मी दाखला हातात घेतला. अक्षर माझेच होते. ‘शाळा सोडण्याचे कारण’ या रकान्यात मी लिहिले होते: ‘पालकांच्या विनंतीवरून’. त्याची मुलगी माझ्या खुर्चीला टेकून ते अक्षर लावायचा प्रयत्न करीत होती, दुसरीत आहे. चहा येईपर्यंत तिने ‘पालकांच्या’पर्यंत मजल मारली. “विनंती म्हणजे काय, आजोबा?” तिने विचारले.

मी चष्मा पुसला आणि तिच्या बापाला म्हटले, “बस. अर्ज मीच भरतो. आणि गणिताला रविवारी यायचे.”

“रविवारी ड्यूटी असती, सर.”

“मग तुझी सुट्टी कोणत्या वारी ते सांग.”

बुधवारी, म्हणाला.