अचौर्य, प्रमाद आणि एपीआय

एपीआय म्हणजे ॲपने सर्व्हरकडे माहिती मागण्याची वाट. एपीआयकडे आलेल्या प्रत्येक मागणीवर सर्व्हरने दोन गोष्टी तपासायच्या असतात: मागणारा कोण आहे, आणि मागितलेली नोंद पाहण्याचा त्याला अधिकार आहे का. पहिली तपासणी बहुधा होते, दुसरी राहून जाते. ओवास्प या संस्थेच्या २०१९ आणि २०२३ च्या एपीआय-धोक्यांच्या दोन्ही याद्यांत हीच चूक पहिल्या क्रमांकावर आहे.

कल्याण-डोंबिवली महापालिकेने नागरी सेवांचे संगणकीकरण राज्यात फार लवकर केले. आज ठाण्यापासून कल्याणपर्यंत मालमत्ता करापासून सोसायटीच्या मेंटेनन्सपर्यंत सगळे मोबाइलवर आले आहे. समजा, डोंबिवलीतल्या एका सोसायटीचा सभासद ॲपमध्ये लॉगिन करून आपले बिल उघडतो. मागणीच्या शेवटी बिलाचा क्रमांक असतो १०४१. तो १०४२ केला की शेजाऱ्याची थकबाकी आणि मोबाइल नंबर समोर येतो. पासवर्ड चोरलेला नाही, काही फोडलेले नाही. सर्व्हरनेच माहिती दिली. मग ही चोरी ठरते का?

या प्रश्नाचा सूक्ष्म विचार जैन आचार्यांनी केला आहे. ही परंपरा ठाण्याला परकी नाही. टेंभी नाक्यावरचे मुनिसुव्रतस्वामींचे मंदिर कोकण शत्रुंजय म्हणून ओळखले जाते. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात न दिलेले घेणे हीच चोरीची व्याख्या आहे. त्यावर पूज्यपादांनी सर्वार्थसिद्धी या आपल्या टीकेत शंका घेतली: भिक्षू गावातल्या रस्त्यांवरून, वेशीतून जातो, ते त्याला कोणी दिले? उत्तर असे की ते सर्वांसाठी मोकळे असते. म्हणूनच भिक्षू बंद दारातून आत जात नाही. लोकल गाड्यांचे वेळापत्रक देणारी एपीआय या अर्थाने रस्ता आहे. शेजाऱ्याचे बिल तसे नाही. सर्व्हर त्याचा मालक नसल्याने त्याचे 'देणे' हे देणेच नव्हे, आणि क्रमांक बदलणाऱ्याने न दिलेलेच घेतले. गळती झालेल्या याद्या विकत घेणारेही सुटत नाहीत: चोरीचा माल स्वीकारणे हा अचौर्य, म्हणजे चोरी न करण्याच्या, व्रताचा अतिचार (दोष) सांगितला आहे.

खरा कठीण प्रश्न ती एपीआय लिहिणाऱ्या इंजिनिअरचा आहे. त्याने काही घेतलेले नाही. पण तत्त्वार्थसूत्राच्या याच अध्यायात हिंसेच्या व्याख्येत प्रमाद, म्हणजे बेसावधपणा, केंद्रस्थानी आहे. जपून टाकलेल्या पावलाखाली जीव आला तरी सर्वार्थसिद्धीत हिंसेचा बंध मानलेला नाही. बेफिकीर चालणाऱ्याला मात्र जीव मेला नाही तरी दोष लागतो. हा निकष सॉफ्टवेअरला तंतोतंत लागू पडतो. अधिकाराची तपासणी न लिहिता कोड पुढे पाठवला गेला की दोष त्याच दिवशी घडला, मग ती फट कोणाला सापडो वा न सापडो. उलट, सर्व काळजी घेऊनही अज्ञात त्रुटीतून कोणी शिरले, तर त्या इंजिनिअरला प्रमादी म्हणता येत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने आलेले कलम ४३अ निष्काळजी कंपनीवर भरपाई लादते, पण त्यासाठी कोणाचे तरी नुकसान किंवा कोणाला तरी गैरलाभ व्हावा लागतो. आचार्यांचा निकष त्याहून कडक आहे, आणि तोच योग्य वाटतो. फुटलेली माहिती परत गोळा करता येत नाही.

सावधपणा कामात कसा दिसतो? प्रत्येक मागणीवर नोंदीचा मालक आणि टोकनधारक (लॉगिननंतर मिळालेली ओळखखूण घेऊन येणारा) एकच आहे का, हे सर्व्हरवर पाहिले जाते. ॲपने बटण लपवले एवढ्यावर भागवले जात नाही. अनुक्रमांकाऐवजी लांबलचक यादृच्छिक ओळख वापरली तर अंदाज बांधणे अवघड होते, पण अधिकाराची तपासणी टळत नाही. टेस्टिंगमध्ये दोन खाती घेऊन एकाच्या टोकनने दुसऱ्याचे बिल मागायचे. उत्तर ४०३ (नकार) किंवा ४०४ (सापडले नाही) आले नाही तर रिलीज थांबवायचे.

चांगल्या हेतूने दुसऱ्याची प्रणाली तपासणाऱ्यालाही अचौर्याचे बंधन आहे. मालकाच्या परवानगीशिवाय प्रवेश हा त्याच कायद्याच्या कलम ४३ खाली येतो, हेतू कोणताही असो. त्रुटी नजरेस आली तर एकही परकी नोंद न उघडता तिथेच थांबावे आणि मालकाला किंवा सर्ट-इन या सरकारी सायबर-सुरक्षा संस्थेला कळवावे.