आधी तो गुणक काढा

दोघेही समोर उभे राहा. मोबाइल टेबलावर ठेवा, पडद्यावर काय दिसतं ते मी पाहिलंय. तिथला आकडा आला कुठून, एवढंच मला तुमच्या तोंडून ऐकायचं आहे.

रेवदंड्याच्या त्या वाडीतल्या घरात पाहुण्यांच्या चार खोल्यांना तुम्ही चार गिझर आणि चार स्मार्ट स्विच बसवलेत. कोणत्या खोलीत किती वीज गेली ते मोबाइलवर दिसेल, असं घरच्या काकूंना सांगितलंत. रोज सकाळी सहा ते नऊ गिझर आपोआप चालू, असं वेळापत्रक लावून दिलंत आणि मजुरी घेतलीत. नोव्हेंबर संपला तेव्हा ॲप म्हणालं, गिझरने ७२० युनिटं खाल्ली. महावितरणचं बिल मात्र अख्ख्या घराचं २४० युनिटांचं. इतका ढळढळीत फरक समोर असताना तुम्ही काय केलंत? सेटिंगमध्ये जाऊन ०.२५ चा गुणक टाकलात. ७२० चे १८० झाले, उरलेली ६० युनिटं पंखे-फ्रीजच्या नावावर घातलीत आणि काकूंना म्हणालात, ‘झालं बघा दुरुस्त.’

याला दुरुस्ती म्हणतात? परीक्षेत उत्तर माहीत आहे म्हणून मधल्या पायऱ्या खोट्या लिहिणाऱ्याला मी शून्य देतो. इथे तर उत्तरसुद्धा तुम्हाला माहीत नव्हतं.

आता ऐका, चूक कुठे होती ते. तुम्ही बसवलेल्या स्विचमध्ये करंट मोजणारा भागच नाही. तो फक्त चालू आणि बंद जाणतो. तुम्ही सेटिंगमध्ये २००० वॅट लिहिलंत आणि तो गुणाकार करत बसला: दोन किलोवॅट, तीन तास, सहा युनिटं, चार गिझरची रोज २४, महिन्याची ७२०. पण गिझरच्या पोटात थर्मोस्टॅट आहे हे पहिल्या वर्षी शिकवलं होतं. पाणी तापलं की तो कॉइल बंद करतो, बाहेरचा स्विच चालूच राहतो. तुमचं ॲप त्या रिकाम्या वेळेचीही वीज मांडत होतं.

साधं गणित करायचं होतं. पंधरा लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला लागणारी उष्णता म्हणजे १५ गुणिले ४.१८६ गुणिले ३५, सुमारे २२०० किलोज्यूल. एक युनिट म्हणजे ३६०० किलोज्यूल. म्हणजे टाकी एकदा तापायला ०.६१ युनिट, आणि २००० वॅटच्या कॉइलला त्यासाठी अठरा-एकोणीस मिनिटं. तीन तासांतली अठरा मिनिटं! हे गणित वहीच्या कोपऱ्यात मावलं असतं. निम्म्या रिकाम्या घरात एका गिझरची रोज सहा युनिटं अशक्य वाटायला हवी होती, ती तुम्हाला वाटली नाहीत.

आणि कॉइल २००० वॅट घेते ती २३० व्होल्टला. वॅट दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतात. दाब २०० व्होल्टवर उतरला, तर तीच कॉइल १५०० वॅटच्या आसपास घेते. पाटीवरचा आकडा कायमचा धरून चालणाऱ्याने मीटरला नावं ठेवू नयेत.

तुमचा गुणक का चालला नाही, तेही समजून घ्या. चूक दरवेळी त्याच प्रमाणात होत असेल तर गुणक लावता येतो. इथे चूक पाहुण्यांवर अवलंबून होती. नोव्हेंबरात खोल्या निम्म्या रिकाम्या, थर्मोस्टॅट बहुतेक वेळ बंद. नाताळच्या सुट्टीत घर भरलं, एकेका खोलीत चार-चार माणसं अंघोळीला, टाकीत सतत गार पाणी येत राहिलं आणि कॉइल थांबलीच नाही. ॲपला मात्र तेच तीन तास दिसले, म्हणून त्याने रोज नोव्हेंबरचाच आकडा लिहिला. बिल ऐंशी-नव्वद युनिटांनी जास्त आलं. काकूंनी विचारलं तेव्हा तुम्ही छातीठोकपणे म्हणालात, ‘ॲप बरोबर आहे, कुणीतरी चोरून वापरतंय.’

त्या घरात खोल्या झाडायला येणारा एक मुलगा आहे. संशय त्याच्यावर गेला आणि त्याचे पैसे कापले गेले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. तुम्ही न मोजलेल्या आकड्याने एका गरिबाच्या पोराला चोर ठरवलं. मला सर्वांत जास्त राग याचा आहे. विजेचं काम शिकलेल्या माणसाच्या शब्दाला वजन असतं, लोक त्यावर विश्वास ठेवतात. ते वजन तुम्ही अंदाजाच्या पाठीशी उभं केलंत.

अजून संपलं नाही. मी स्वतः क्लॅम्प मीटर घेऊन तिथे गेलो. क्लॅम्पमध्ये फेज एकटी घेतली की लोड कळतो. फेज आणि न्यूट्रल एकत्र घेतले की दोन्ही प्रवाह एकमेकांना खोडतात आणि शून्य यायला हवं. मागच्या खोलीच्या गिझरवर शून्य आलं नाही, पाऊण अँपिअर आला. तो प्रवाह कॉइलमधून पाण्यात आणि टाकीच्या पत्र्यातून अर्थिंगकडे जात होता. गळती तीस मिलिअँपिअर झाली की बोर्डातली आरसीसीबी पडायला हवी. ती का पडली नाही? कारण सारखी पडते म्हणून कुणीतरी तिला बगल देऊन वायर जोडली होती. तो बोर्ड तुम्ही उघडला होतात. वायर पाहिलीत आणि झाकण लावलंत. या किनाऱ्यावर खारा वारा अर्थिंगची पट्टी खातो. ती तुटली असती तर नळाला हात लावणाऱ्याचं काय झालं असतं, ते मला सांगा. सांगा ना!

न जुळणारा आकडा कशामुळे येतो ते न शोधता तुम्ही त्यावर पांघरूण घातलंत, आणि शोधलं असतंत तर ही गळती त्याच दिवशी हाती लागली असती. आपल्याकडचे एकफेजी मीटर फेज आणि न्यूट्रल दोन्हींचा प्रवाह पाहतात आणि जास्त असेल तो धरतात. गळती मीटरला कळते, बिलात येते. न्यूट्रलवर सेन्सर लावणाऱ्याला ती कळत नाही.

‘विहिरीच्या पाण्याचा क्षार बसला म्हणून मीटर पळतो’ हे कारणही मला सांगू नका. क्षार चढलेल्या कॉइलची उष्णता अखेर पाण्यातच जाते, युनिटं त्याने फारशी वाढत नाहीत. क्षाराने कॉइल आतून जास्त तापते, तिचं आवरण तडकतं आणि मग गळती सुरू होते. कारण अर्धवट ऐकलंत म्हणून धोका ओळखता आला नाही.

आता क्रम लिहून घ्या. पहिलं, यंत्र मोजतं की अंदाज करतं, हे त्याच्या माहितीपत्रकात वाचा. दुसरं, घरातलं सगळं बंद करून एकच गिझर लावा आणि महावितरणच्या मीटरचा लुकलुकणारा दिवा एक मिनिट मोजा. एका युनिटला किती पल्स ते मीटरच्या पाटीवर छापलेलं असतं. ३२०० असतील तर २००० वॅटला मिनिटात १०७ पल्स येतील; ८० आले तर गिझर १५०० वॅट घेतोय. यासाठी घड्याळ आणि डोळे पुरतात. तिसरं, सेन्सर लावलाच तर तो एकाच वायरभोवती आहे का, ॲपमध्ये त्याचं प्रमाण बरोबर भरलंय का, ते पाहा. चौथं, घड्याळ पाहा. यंत्र ग्रीनिचच्या वेळेवर राहिलं तर त्याचा दिवस आपल्या पहाटे साडेपाचला बदलतो आणि त्याआधी अंघोळ केलेल्या पाहुण्याची वीज आदल्या दिवशी पडते. पाचवं, युनिटं जुळल्याशिवाय रुपयांकडे जाऊ नका. बिलाचे दर १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या टप्प्यांनी चढतात, एका दराने गुणून बिल येत नाही. एवढं करूनही फरक राहिला, तरच मीटर तपासणीचा अर्ज करायला सांगा. त्याआधी मीटरला दोष द्यायचा नाही, आणि माणसाला तर कधीच नाही.

कामं तुम्हाला मिळतील. अलिबागपासून नागाव, चौल, रेवदंडा, पूल ओलांडून कोर्लईपर्यंत घराघरांत पाहुण्यांच्या खोल्या होत आहेत. लोक वाडी सांभाळून, कर्ज काढून त्या बांधतात आणि विजेचा हिशेब तुमच्या हाती देतात. त्यांना तुमचं काम तपासता येत नाही, म्हणून ते तुम्हीच तपासायला हवं. तुम्हाला हे येत नाही असं मी म्हणत नाही. प्रात्यक्षिकात दोघांचेही हात स्वच्छ चालतात. कंटाळा केलात, आणि विजेच्या कामात कंटाळ्याची किंमत दुसऱ्याला मोजावी लागते.

आता निघा. मागच्या खोलीतल्या त्या गिझरची वायर आधी काढा, नवीन कॉइल तुमच्या पैशाने बसवा, आरसीसीबी पूर्ववत जोडा आणि तिचं बटण दाबून ती पडते का ते पाहा. अर्थिंग तपासा. तो गुणक खोडा आणि करंट मोजणारे सोळा अँपिअरचे स्विच लावा. मग काकूंसमोर, त्या मुलाला बोलावून, त्याने वीज चोरली नव्हती हे स्पष्ट सांगा आणि त्याचे कापलेले पैसे तुमच्या मजुरीतून भरून द्या. चारही गिझरचे मोजलेले वॅट वहीत लिहून सोमवारी मला दाखवा. वही पाहिल्याशिवाय दोघांपैकी कुणालाही वर्गात बसू देणार नाही.